डबा कुठला होता, आजोबा? – पॅराक्वाट, कंपवात आणि इलिनॉयमधले दावे

सोयाबीनशेजारी | ४ मे २०२५

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी इलिनॉयमध्ये सेंट क्लेअर काउंटीत राहतो. इलिनॉय म्हटलं की सगळ्यांना शिकागो आठवतं, पण आमचं गाव तिथून साडेचार-पाच तास दूर, मिसिसिपीच्या बाजूला. घराच्या कुंपणाला लागून शेत. एक वर्ष सोयाबीन, एक वर्ष मका. ते शेत ज्यांचं, ते ७७ वर्षांचे गृहस्थ माझे शेजारी. इथे लहान पोरंही त्यांना नावाने हाक मारतात, माझ्या जिभेला ते काही वळत नाही. तेव्हा इथे आजोबाच म्हणतो.

आजोबांना २०१८ मध्ये कंपवाताचं म्हणजे पार्किन्सनचं निदान झालं. २०२२ मध्ये टीव्हीवर वकिलांची जाहिरात लागली : 'तुम्ही पॅराक्वाट फवारलं होतं का? तुम्हाला पार्किन्सन आहे का?' पॅराक्वाट म्हणजे शेतातलं तण जाळायचं औषध. दोन्ही उत्तरं हो. त्यांनी फोन केला, आणि मग आली प्रश्नावली. हात थरथरतो म्हणून लिहायला मी बसलो.

कुठलं उत्पादन वापरलं? कोणत्या साली? वर्षातून किती दिवस? औषध स्वतः कालवलं की दुसऱ्याने? दुकान कुठलं? पावती आहे का?

आजोबांनी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात काय नव्हतं! १९८३ च्या ट्रॅक्टरच्या हप्त्याचे कागद, मक्याच्या बियाण्याची बिलं, कधीच्या मेलेल्या कुत्र्याच्या इंजेक्शनची पावती. पॅराक्वाटचं एकही बिल नाही. दुकान बंद होऊन वीसएक वर्षं झाली, मालक गेला. 'डबा कुठला होता?' मी विचारलं. म्हणाले, 'कवटी होती त्याच्यावर.' मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, 'नोझल तुंबलं की काढून तोंडाने फुंकायचो.' प्रश्नावलीत याला रकाना नव्हता. मी समासात लिहून दिलं.

आता बातमी अशी की गेल्या महिन्यात, एप्रिलच्या मध्यात, दावेदार आणि कंपन्या, दोन्ही बाजूंनी तडजोडीच्या करारावर सह्या केल्यात. रक्कम गुप्त. आजोबा विचारतात याचा अर्थ काय, आणि मला नीट सांगता येत नाही. इथे वकील, डॉक्टर, शेतकरी सगळेच आहेत म्हणून धागा काढला.

---

खवचट_कोल्हा | ४ मे २०२५

जाहिरात बघून आजार आठवणारे पेशंट आणि आजार बघून जाहिरात करणारे वकील. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ आहे हा. तिसरा हिस्सा वकिलाचा, उरलेल्यात शेतकरी. चालू द्या.

---

वकीलबोवा | ५ मे २०२५

कोल्होबा, निम्मं बरोबर बोललात. पण निम्मंच.

सोयाबीनशेजारी, तुमच्याकडे चाललंय ते 'सर्वांचा मिळून एक दावा' अशातलं नाही. प्रत्येकाचा दावा वेगळाच राहतो. फक्त सुनावणीपूर्वीचं काम, म्हणजे कागदपत्रं, साक्षी, तज्ज्ञांची तपासणी, एकाच न्यायाधीशांपुढे होतं. जून २०२१ मध्ये हे सगळे दावे ईस्ट सेंट लुईसच्या फेडरल कोर्टात न्या. नॅन्सी रोझेनस्टेंगल यांच्याकडे आले. आज तिथे जवळपास ६,००० दावे आहेत. फिलाडेल्फिया आणि कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयांतले वेगळे. प्रतिवादी दोन : पॅराक्वाट बनवणारी सिंजेंटा, आणि १९८६ पर्यंत हे औषध अमेरिकेत विकणारी शेवरॉन. दोघींचंही म्हणणं एकच, पॅराक्वाटने पार्किन्सन होतो हे सिद्ध झालेलं नाही.

तडजोड म्हणजे कबुली नव्हे, हे आजोबांना आधी सांगा. अजून कोणाला किती ते ठरायचंय. ते ठरवताना पुन्हा तेच प्रश्न येणार : किती वर्षं फवारलं, कालवलं कोणी, निदान कधी झालं, पुरावा काय.

ही गोष्ट तुमच्याच काउंटीत सुरू झाली, ते ठाऊक आहे का? पहिला मोठा दावा २०१७ मध्ये सेंट क्लेअर काउंटीच्याच न्यायालयात दाखल झाला होता. २०२१ मध्ये खटला उभा राहायच्या तोंडावर तो आणि त्याच्यासोबतचे काही दावे मिटले. सिंजेंटाच्या स्वतःच्या आर्थिक अहवालात त्यापोटी १८ कोटी ७५ लाख डॉलर दिल्याची नोंद आहे.

---

सोयाबीनशेजारी | ५ मे २०२५

धन्यवाद वकीलसाहेब. काउंटीचं कोर्ट माझ्या किराणाच्या दुकानाच्या वाटेवर आहे, आणि मला हे आत्ता कळतंय!

---

डॉ_अबोली | ६ मे २०२५

मेंदूविकारांची डॉक्टर आहे, पुण्यात. कायद्यातलं मला कळत नाही, पण शरीरात काय होतं ते सांगते.

कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या काळपट पट्ट्यातल्या, डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात. रोग दिसू लागतो तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. थरथर सगळ्यांना माहीत असते, पण सुरुवात बऱ्याचदा वेगळीच होते. फोडणीचा वास येत नाही. चालताना एक हात हलत नाही. अक्षर बारीक होत जातं, ओळीच्या सुरुवातीला बरं आणि शेवटी मुंगीएवढं. माझ्याकडे एक निवृत्त तलाठी आले होते, ते फेरफार नोंदवहीतल्या स्वतःच्या अक्षराचे फोटो घेऊनच आले. 'बघा, २०१५ चं आणि हे २०२१ चं.' तपासायच्या आधीच निदान झालं होतं.

विषाशी संबंध असू शकतो हे कळलं ते मात्र एका भलत्याच प्रकारातून. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक लाकडासारखे ताठरले. पंचविशी-तिशीतली माणसं, आणि लक्षणं सत्तरीच्या कंपवाताची! डॉ. विल्यम लँगस्टन यांनी छडा लावला. कुणीतरी घरच्या घरी बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ झाली होती. शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप तयार होतं, त्याची रचना पॅराक्वाटशी बरीच मिळतीजुळती. तेव्हापासून संशोधकांची नजर या तणनाशकावर आहे.

रचना सारखी म्हणजे परिणामही तोच, असं मात्र समजू नका. पॅराक्वाट पेशीत शिरलं की प्राणवायूचे विघातक रेणू तयार करत राहतं. पानात तेच करतं, म्हणून तर तण काही तासांत करपतं. उंदरांना दिल्यावर त्या काळपट पट्ट्यातल्या पेशी कमी झाल्याचं काही प्रयोगांत दिसलं. माणसाच्या मेंदूपर्यंत, शेतातल्या फवारणीतून, किती पोहोचतं यावर वाद आहे. एखादा पेशंट समोर बसला आणि विचारलं, 'डॉक्टर, मला हे औषधानेच झालं का?', तर होही म्हणता येत नाही आणि नाहीही. तपासणीत तसं काही उमटत नाही.

ताजी विषबाधा ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. तिथे शंकेला जागाच नाही, फुप्फुसं जातात आणि उतारा नाही.

---

पऱ्हाटी | ६ मे २०२५

डॉक्टरताई, फवारणीच्या मोसमात आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात एक चक्कर मारून जा.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. २०१७ मध्ये काय झालं ते पेपरात वाचलं असेल. आम्ही ते वॉर्डात पाह्यलं. पाऊस कमी, पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, अन् तिच्यात शिरून फवारणी. दोन-तीन औषधं एका ड्रमात. अंगावर बनियान, तोंडाले दुपट्टा. २० पेक्षा जास्त माणसं गेली, शेकड्यांनी दवाखान्यात. तेव्हाबी पहिला सवाल हाच होता, 'कोणतं औषध मारलं?' बायका सांगत होत्या, 'हिरव्या बाटलीतलं.' आता हिरवी बाटली धा कंपन्यांची असते राजेहो.

ते कीटकनाशक होतं, तणनाशक नाही, हे मले माहीत हाये. पण सवाल तोच.

बाकी तणनाशक बंद करा म्हणणारे आधीच सांगतो. निंदणाले बाई भेटत नाही. भेटली तर ३०० रुपये रोज अन् सकाळी १० ले येते. आठ दिवस पाऊस लागला की तण पिकाच्या वर जाते. मजुरीपेक्षा स्वस्तात पंपभर तण जळत असेल तर कास्तकार काय करीन?

---

राइनकाठची | ७ मे २०२५

पऱ्हाटीभाऊ, यवतमाळचं ते प्रकरण इथे, माझ्या दारात येऊन पोहोचलंय. मी बाझलच्या सीमेजवळ जर्मनीत राहते. सिंजेंटाचं मुख्यालय बाझलमध्ये. मृत शेतकऱ्यांपैकी दोघांच्या पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी, या तिघांनी जून २०२१ मध्ये बाझलच्या दिवाणी न्यायालयात सिंजेंटाविरुद्ध दावा लावला. औषधाचं नाव 'पोलो', म्हणजे डायफेंथियुरॉन. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. त्याआधी २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या सरकारी मध्यस्थ यंत्रणेकडे तक्रार झाली होती, तीही यवतमाळच्या संघटनेच्या मदतीने.

गंमत म्हणजे (गंमत कसली) पॅराक्वाट स्वित्झर्लंडमध्ये १९८९ पासून बंद आहे. युरोपीय संघाने २००३ मध्ये परवानगी दिली होती, स्वीडनने भांडून २००७ मध्ये ती न्यायालयाकडून रद्द करून घेतली. तरी इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या कारखान्यातून बाहेरच्या देशांना माल जातच राहिला. आपल्या अंगणात नको, दुसऱ्याच्या शेतात चालेल.

आता मुद्द्याचं. आजोबांवर आली तशी 'डबा दाखवा'ची वेळ सगळीकडे येत नाही. फ्रान्सने २०१२ मध्येच कीटकनाशकं-तणनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा व्यवसायजन्य आजार मानला. जर्मनीत तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये तशीच शिफारस केली. अट साधारण अशी की आयुष्यात स्वतः किमान १०० दिवस फवारणी केलेली हवी. तण मारणारं, कीड मारणारं की बुरशी मारणारं, याने अट बदलत नाही. कंपनी कुठली हे तर कोणी विचारतच नाही, कारण पैसे कंपनी देत नाही, शेतकऱ्यांचा विमा देतो.

---

आकडेमोड | ७ मे २०२५

इथे भावनेचा पूर आलाय, म्हणून जरा आकडे.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतकी फवारणी करणाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट वापरणाऱ्यांत पार्किन्सनची शक्यता साधारण अडीच पट दिसली. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातला अभ्यास : घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब हे बुरशीनाशक, दोन्ही फवारलं जात असेल तर धोका ७५ टक्क्यांनी जास्त. इथवर दावेदार खूश.

आता २०२०. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या फवारणी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा मिळून ६६ हजार लोकांचा, वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास. पॅराक्वाटचा धोका जवळजवळ दिसलाच नाही, साधारण १.१ पट. फक्त ज्यांच्या डोक्याला कधी मार लागला होता त्यांच्यात तो वाढलेला दिसला. इथे कंपनी खूश.

या दोहोंचं करायचं काय? दावेदारांच्या बाजूने कॉर्नेल विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ मार्टिन वेल्स उभे राहिले. त्यांनी सगळे अभ्यास चाळून सात निवडले, ते एकत्र केले आणि २.८ पट असा निष्कर्ष काढला. १७ एप्रिल २०२४ रोजी न्यायाधीशांनी त्यांची साक्षच बाद केली. कारण थोडक्यात असं : हेच सात का निवडले आणि बाकीचे का गाळले, याचा निकष आधी ठरवून सगळ्यांना सारखा लावलेला दिसत नाही. साक्ष गेली तसे नमुन्याला घेतलेले चारही दावे सुनावणीविनाच संपले.

मला तो निकाल पटला. संबंध नाही असं त्यांनी म्हटलेलं नाही. तुमची मोजपट्टी वाकडी आहे, एवढंच म्हटलं.

---

बांधावरची_बाभळ | ७ मे २०२५

आकडेमोड, एक विचारू? अडीच पट म्हणजे माझ्या वडिलांच्या बाबतीत नक्की काय? ते २.५ टक्के औषधाने आजारी आहेत का?

मी सांगली जिल्ह्यातली. आमची द्राक्षबाग. वडील ६८. कंपवाताला सहा वर्षं झाली. सऱ्यांमधलं तण जाळायला चोवीस टक्केवालं पॅराक्वाट वापरायचे. आधी वाटलं वय झालं. मग एकदा त्यांना द्राक्षाच्या घडातले मणी विरळ करता येईनात, कात्री बोटांत थांबेना. पन्नास वर्षं बागेत काढलेला माणूस. तो कात्री ठेवून बांधावर बसला आणि कुणाशी बोललाच नाही दिवसभर.

ते पण नोझल फुंकायचे. आजोबांचं वाचलं आणि पोटात गोळा आला.

---

आकडेमोड | ८ मे २०२५

ताई, माझा सूर कोरडा लागला असेल तर माफ करा.

अडीच पट म्हणजे असं समजा : न फवारणाऱ्या दर हजारांत १० जणांना हा आजार होत असेल (आकडा नुसता समजण्यापुरता), तर फवारणाऱ्या हजारांत २५ जणांना. त्या २५ पैकी १० जणांना तो तसाही झाला असता. १५ जणांचा औषधामुळे. पण त्या १५ मध्ये तुमचे वडील आहेत की त्या १० मध्ये, हे कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. अमेरिकी न्यायालयांत 'दुपटीच्या वर' हा आकडा इतका महत्त्वाचा का, तेही यातच आहे. दुपटीच्या वर गेलं की 'औषधाने झालं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त' असं वकिलाला म्हणता येतं. दिवाणी दाव्यात निम्म्याहून थोडं जास्त पुरतं. म्हणून दोन्हीकडची भांडणं १.१ की २.८ यावर.

---

खवचट_कोल्हा | ८ मे २०२५

आणि सिंजेंटाच्या कपाटातले कागद? ते का नाही आणत कोणी? २०२२ मध्ये गार्डियनने आणि 'द न्यू लीड'ने छापले होते की. प्रतिकूल संशोधनाला उत्तर द्यायला यांनी अंतर्गत 'स्वाट टीम' बसवली होती. स्वतःच्या शास्त्रज्ञाने उंदरांत डोपामिनच्या पेशी मेल्याचं पाहिलं होतं. एवढं निरागस औषध असतं तर पोलिसी नावाचं पथक कशाला?

(पहिल्या प्रतिसादाबद्दल क्षमस्व. बाभळताईंचं वाचून जरा उतरली.)

---

वकीलबोवा | ८ मे २०२५

कोल्होबा माणसात आले!

ते कागद महत्त्वाचे आहेतच. कंपनीला शंका कधीपासून होती हे त्यांतून दिसतं. कंपनी म्हणते, कागद संदर्भ सोडून वाचलेत. पण न्यायालयात दोन पायऱ्या आहेत. पहिली, या पदार्थाने हा आजार होतो का. दुसरी, या माणसाला त्यानेच झाला का. 'त्यांना माहीत होतं' हे तिसरं, नंतरचं. वेल्स यांची साक्ष पहिल्याच पायरीवर अडकली.

दुसऱ्या पायरीचीही गत फार बरी नव्हती. ज्यांनी पॅराक्वाटला हात लावल्याचा काहीच पुरावा नाही असे कितीतरी दावे जाहिरातींच्या लाटेत आत शिरले, आणि न्यायाधीशांनी त्यावर वकिलांना चांगलंच फैलावर घेतलं. त्याचा भुर्दंड खऱ्यांना. बिस्किटांच्या डब्यात पावती न सापडलेले आजोबा आणि आयुष्यात पंप न उचललेला माणूस कागदावर सारखेच दिसतात.

आता भारताचं. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण मुदत दोन वर्षांची. विलंब माफ होऊ शकतो, तरी वीस वर्षांनी उमटणाऱ्या आजाराला हा चौकटीचा सदरा फार तोकडा. अपघाताची गोपीनाथ मुंडे योजना आहे, औषध हाताळताना विषबाधा झाली तर त्यात बसते, मृत्यूला २ लाख. सावकाश येणारा कंपवात 'अपघात' नाही, तो बसत नाही.

एक आशेचा निकाल मात्र सांगतो. २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे कंपनीचा मुद्दा होता की शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला नाही. न्यायालयाने तो उडवला. शेतकरी आणलेलं बियाणं सगळं पेरतो, नमुना बाजूला काढून ठेवेल ही अपेक्षाच धरता येत नाही. 'डबा कुठला होता' याला आपल्या न्यायालयाने दिलेलं हे उत्तर मला फार आवडतं. तणनाशक आणि आजाराच्या दाव्यात अजून कोणी वापरून बघितलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आणि आजोबांसाठी : १९७८ पासून अमेरिकेत पॅराक्वाट हे परवानाधारकाने किंवा त्याच्या देखरेखीखालीच वापरायचं औषध होतं. म्हणजे त्यांच्याकडे फवारणीचा परवाना बहुतेक असणार. पावती सोडा, कार्ड शोधा.

---

सोयाबीनशेजारी | ८ मे २०२५

अरे! हे कोणी सुचवलंच नव्हतं. उद्या विचारतो.

विचारून आलो होतो ते आणखी एक. अशा औषधांच्या वापराची नोंद ठेवणं इथे ९३ पासून बंधनकारक आहे, पण फक्त दोन वर्षं. आजोबांनी नियमाप्रमाणे दोन वर्षं ठेवली आणि नियमाप्रमाणे जाळली.

---

संपादक मंडळ | ९ मे २०२५

विषाच्या मात्रेविषयी विचारणारा एक प्रतिसाद आणि त्यावरची दोन उत्तरं काढून टाकली आहेत. कृपया तो विषय इथे नको. मन जड झालं असेल तर घरच्या कोणाशी तरी आजच बोला, किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जा.

---

पऱ्हाटी | ९ मे २०२५

बरोबर केलं संपादक. आमच्या गावात चार घरं आहेत ज्यांले हा विषय वाचवत नाही.

केरळने २०११ मध्ये पॅराक्वाट बंद केलं. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्राने २७ औषधांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात हे नव्हतंच. चीननेबी स्वतःच्या देशात बंद केलं अन् सिंजेंटा २०१७ पासून चीनच्या सरकारी कंपनीची. आता सांगा!

---

ओव्याचं_पान | ११ मे २०२५

थोडं अवांतर. आमच्या आजोळी कंपवाताला खाजकुहिलीचं बी द्यायचे. त्यात खरंच काही असतं का?

---

डॉ_अबोली | ११ मे २०२५

असतं. लेव्होडोपा असतं, आम्ही गोळीत देतो तेच. पण बियांत मात्रा कमी-जास्त असते, आणि गोळीसोबत कोणी गुपचूप बी घेतलं की हातपाय वेडेवाकडे हलायला लागतात आणि मला कारण कळत नाही. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, रागावणार नाही.

बाभळताई, वडिलांना कात्रीचं जमत नसेल तर जाड मुठीची हत्यारं मिळतात. आणि गोळी घेतल्यावर साधारण तासाभराने हात सुटा होतो, बागेत न्यायचं ते त्या वेळेला न्या. सगळे घड नकोत. एकच द्या करायला.

---

बांधावरची_बाभळ | १४ मे २०२५

डॉक्टर, या मोसमात घड नाहीत, एप्रिल छाटणी झाली. पण फुटवे विरळायला नेलं होतं काल. एका वेलीला अर्धा तास लागला. परत यायला तयार नव्हते.

दुकानदाराकडे जुनी बिलं मागितली. म्हणाला, 'ताई, तुमचे वडील कधी पक्कं बिल घ्यायचेच नाहीत.' खरं असेल. कायद्याने द्यायलाच हवं ना, पण कोण देतं आणि कोण मागतं.

---

सोयाबीनशेजारी | २५ मे २०२५

एक गोष्ट सांगायची राहिली होती. तेव्हा लिहावी की नाही कळत नव्हतं.

आजोबांचा थोरला भाऊ व्हिएतनामला होता, ६८-६९. त्यालाही कंपवात झाला. तिथे युद्धात जंगलावर एजंट ऑरेंज नावाचं तणनाशक फवारायचे. अमेरिकी सरकारने २०१० मध्ये पार्किन्सन त्याच्याशी जोडलेल्या आजारांच्या यादीत घातला : ठरलेल्या काळात व्हिएतनामच्या भूमीवर पाय ठेवला असेल आणि हा आजार असेल, तर संबंध गृहीत. भावाने सैन्यातून सुटल्याचा कागद दाखवला आणि सरकारी भरपाई सुरू झाली. कुठल्या पिंपातलं, कुठल्या कंपनीचं, किती दिवस, काही नाही. कंपन्यांवरचा वेगळा दावा १९८४ मध्येच १८ कोटी डॉलरला मिटला होता.

भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. आजोबा म्हणतात, 'त्याच्या अंगावर सरकारने फवारलं. मी माझ्या हाताने फवारलं, म्हणून मला सिद्ध करायचंय.'

---

आकडेमोड | २५ मे २०२५

एजंट ऑरेंजमधलं रसायन वेगळं, पॅराक्वाट वेगळं, हे नोंदवून ठेवतो. नाहीतर उद्या कोणीतरी दोन्हीची भेळ करेल.

पण आजोबांच्या वाक्यापुढे माझ्याकडे काही नाही. मोजपट्टीबद्दल मी म्हटलेलं मागे घेत नाही. फक्त प्रत्येकाला आपापली मोजपट्टी घेऊन कोर्टात पाठवणं हे एक धोरण झालं, आणि राइनकाठच्या ताईंनी सांगितलं ते दुसरं. विज्ञान तर दोन्हीकडे तेवढंच कच्चं-पक्कं आहे.

---

सोयाबीनशेजारी | १७ ऑगस्ट २०२५

धागा वर आणतोय, बरेच जण विचारत होते.

कार्ड सापडलं! बिस्किटांच्या डब्यात नाही, ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये खूण म्हणून घातलेलं. राज्याच्या कृषी खात्याचा फवारणीचा परवाना, १९८८ चा, आजोबांच्या सहीचा. वकीलसाहेब, तुमचे किती आभार मानू. मी स्कॅन करून वकिलांच्या कचेरीत पाठवलं, सोबत आजोबांनी सही केलेलं प्रतिज्ञापत्र.

परवा कचेरीतून फोन आला. कार्डावरची सही आणि प्रतिज्ञापत्रावरची सही जुळत नाही, दोन्ही एकाच माणसाच्या आहेत याची खातरजमा हवी.

आजोबांनी दोन्ही कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. ८८ ची सही ऐसपैस, शेवटच्या अक्षराची शेपटी कार्डाच्या कडेपर्यंत गेलेली. आताची तांदळाच्या दाण्याएवढी, शेवटची तीन अक्षरं तर नुसती रेघ. डॉ. अबोलींचा तलाठ्यांबद्दलचा प्रतिसाद मी त्यांना इंग्रजीत वाचून दाखवला. ते हसले. मग म्हणाले, 'हेच पाठव त्यांना. दोन्ही.'

उद्या साडेदहाला बँकेत नोटरीची वेळ घेतली आहे. गोळी साडेनऊला.